थैलीची गाठ : १९९२ सालातील दोन प्रसंग

उसनवारी आपल्या खेड्यात कुणाला नवी नाही. शेजाऱ्याकडून पायलीभर जोंधळे आणले तर सुगीला ते परत करायचे, एवढाच तो व्यवहार. पण जोंधळे मोजून देताना शेजारी जर म्हणाला, "देतो बाबा, पण घरात बायकोपोरांवर हात टाकतोस ते आधी बंद कर," तर? काही जण म्हणतील, घरच्या गोष्टीत यानं कशाला पडावं? काही म्हणतील, बरं बोलला. ज्याच्या दाण्यावर चूल पेटते त्यानं एवढं बोलायला हरकत नाही. आणि ज्यांच्या पाठीवर वळ आहेत त्या बायकोपोरांचं म्हणणं काय? ते सहसा कुणी विचारीत नाही.

राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात हाच पेच गेली पाऊणशे वर्षे पडलेला आहे. श्रीमंत देश गरीब देशाला धान्य देतो, कर्ज देतो, रस्ते आणि धरणे बांधायला पैसा देतो. आता त्या गरीब देशाचा राज्यकर्ता आपल्याच प्रजेला विनाचौकशी तुरुंगात घालीत असेल, वर्तमानपत्रांची तोंडे बांधीत असेल, प्रसंगी गोळ्या घालीत असेल, तर देणाऱ्याने काय करावे? पैसा चालू ठेवावा तर त्यावर जुलूम पोसला जातो. बंद करावा तर दवाखान्यातले औषध थांबते. याचे उत्तर तत्त्वचर्चेत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावे असे मला वाटते, आणि त्यासाठी १९९२ हे एकच साल पुष्कळ आहे. त्या वर्षी दोन देशांपुढे ही अट आली. एके ठिकाणी राज्यकर्ता वाकला. दुसऱ्या ठिकाणी त्याने अट घालणाऱ्यालाच दाराबाहेर काढले.

पण आधी थोडी मागची हकीकत. २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी मागासलेल्या देशांना तांत्रिक ज्ञान आणि भांडवल पुरवण्याचा कार्यक्रम जाहीर केला, आणि मदत हे परराष्ट्रनीतीचे एक नित्याचे अंग होऊन बसले. ते दिवस शीतयुद्धाचे. देणाऱ्याचा पहिला प्रश्न असायचा, "तू कुणाच्या बाजूचा?" प्रजेला कसे वागवतोस हा प्रश्न फार मागून यायचा, आणि पुष्कळदा यायचाच नाही. आफ्रिकेतल्या झैर देशात मोबुटू यांनी १९६५ साली सत्ता बळकावली. १९७८ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या वतीने ब्लुमेंथाल नावाचे जर्मन बँकतज्ज्ञ तिथल्या मध्यवर्ती बँकेत जाऊन बसले, आणि १९८२ साली त्यांनी अहवाल लिहिला की इथल्या लुटारू कारभारात सावकारांचे पैसे परत येण्याची आशा नाही. इतके स्वच्छ लिहिलेले असूनही कर्जे मिळतच राहिली. मोबुटू साम्यवादाच्या विरोधातले होते, तेवढे पुरे होते.

मधल्या काळात कायदे झाले नाहीत असे नाही. १९७५ साली अमेरिकी काँग्रेसने नियम केला की, जे सरकार मानवी हक्कांची सातत्याने आणि घोर पायमल्ली करते त्याला आर्थिक मदत देऊ नये. मात्र ती मदत थेट गरजू लोकांच्या उपयोगी पडत असेल तर द्यावी. आता बघा, 'गरजू लोकांच्या उपयोगी' या शब्दांतून बैलगाडी पार होईल एवढी वाट राहिली. जागतिक बँकेची गोष्ट आणखी वेगळी. कर्ज देताना केवळ आर्थिक बाबींचा विचार करावा, राजकारणात पडू नये, असे तिच्या घटनेतच लिहिलेले आहे.

आपल्याला या काट्याची अगदीच ओळख नाही असे नव्हे. १९६५ आणि १९६६ साली लागोपाठ पावसाने दगा दिला, तेव्हा अमेरिकेच्या 'पी. एल. ४८०' कायद्याखाली आपल्याकडे गहू येत होता. अध्यक्ष जॉन्सन यांनी तो वर्षाच्या कराराने न देता हात आखडता घेऊन, थोडा थोडा सोडला. भारताने शेतीचे धोरण बदलावे हे एक कारण. व्हिएतनामच्या युद्धावर भारताने केलेली टीका त्यांना झोंबली होती, हे दुसरे. आपल्या देशात तेव्हा निवडणुका होत होत्या, न्यायालये चालू होती. म्हणजे ती अट काही प्रजेच्या हक्कांसाठी नव्हती. 'अट' हा शब्द ऐकताच आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या कपाळाला आठी पडते, ती उगीच नाही.

१९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली आणि शीतयुद्ध ओसरले. 'आपला माणूस' म्हणून ज्यांना सांभाळले, त्यांची गरज उरली नाही. जून १९९० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ आणि ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री हर्ड या दोघांनीही आपापल्या भाषणांत सांगून टाकले की, यापुढे मदत आणि लोकशाही कारभार यांची सांगड घातली जाईल. हे शब्द खरे करून दाखवण्याची वेळ ज्या देशात आली, त्यातला एक मलावी.

मलावी हा दक्षिण-पूर्व आफ्रिकेतला चिंचोळा देश. समुद्र नाही, एका बाजूला मोठे थोरले सरोवर. आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, आणि १९८७ च्या शिरगणतीत लोकसंख्या ८० लाखांच्या आसपास. माणसे मक्यावर जगतात. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा करतात, त्याला 'न्सिमा' म्हणतात. ६ जुलै १९६४ रोजी ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळाले आणि सत्ता डॉक्टर हेस्टिंग्ज कामुझू बांडा यांच्या हाती आली. हे गृहस्थ अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये वैद्यक शिकलेले, इंग्लंडात दवाखाना चालवलेले. १९७१ साली ते तहहयात अध्यक्ष झाले.

त्यांच्या राज्यात एकच पक्ष होता आणि त्या पक्षाचे कार्ड विकत घ्यावे लागे. कार्ड नसेल तर बाजाराच्या तोंडाशी अडवीत, एसटीसारख्या गाडीत चढू देत नसत. गरोदर बाईला पोटातल्या लेकराचेही कार्ड घ्यायला लावल्याच्या हकिकती आहेत. यहोवाचे साक्षीदार म्हणून एक ख्रिस्ती पंथ आहे. धर्माला धरून नाही म्हणून त्यांनी कार्ड घ्यायचे नाकारले, तर त्यांच्यावर बंदी आली, मारहाण झाली आणि हजारो कुटुंबे सीमा ओलांडून पळाली.

शेतकऱ्याचे काय, ते आपल्याला चटकन कळेल. लहान शेतकऱ्याने आपला माल सरकारी खरेदी मंडळाला मंडळाच्याच भावाने घालायचा. बर्ली जातीच्या तंबाखूला बाहेर चांगला पैसा मिळे, पण ती लावण्याचा परवाना १९९० पर्यंत फक्त मोठ्या मळेवाल्यांना होता. मळे कुणाचे? बांडांच्या मर्जीतल्या माणसांचे आणि खुद्द बांडांच्या मालकीच्या कंपनीचे. लहान शेतकऱ्याला कमी भाव देऊन मंडळाने जी शिल्लक पाडली, तिच्यातूनच या मळ्यांना कर्जे गेली. आणि हे सारे चालू असताना बाहेरचे जग मलावीकडे आफ्रिकेतला 'शिस्तीचा' देश म्हणून बोट दाखवीत होते. जागतिक बँकेची आर्थिक फेररचनेची कर्जे १९८१ पासून येत होती. बांडांनी १९६७ साली दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारशी राजनैतिक संबंध जोडले होते. लिलाँग्वे ही नवी राजधानी उभारायला तिकडूनच कर्ज मिळाले.

मी अध्यापनाच्या धंद्यातला, म्हणून एका शिक्षकाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जॅक मापांजे हे झोंबा गावच्या चान्सलर कॉलेजात भाषा शिकवीत आणि कविता लिहीत. १९८७ च्या सप्टेंबरात त्यांना पकडले. आरोपपत्र नाही, खटला नाही. १९९१ च्या मे महिन्यात सोडले. सुमारे साडेतीन वर्षे कशासाठी गेली, हे त्यांना कुणी सांगितले नाही. ओर्टन चिर्वा यांची गत याहून वाईट झाली. ते त्या देशातले पहिले काळे वकील. बांडा ब्रिटिशांच्या तुरुंगात असताना, १९५९ साली, त्यांनीच पक्ष उभा केला आणि बांडा सुटल्यावर तो त्यांच्या हाती दिला. पुढे मतभेद झाले, परागंदा व्हावे लागले. १९८१ साली त्यांना आणि वकील असलेल्या त्यांच्या पत्नी व्हेरा यांना झांबियाच्या सीमेवरून पळवून आणले, आणि वकील न देता खटला चालवून फाशी सुनावली. जगभरातून ओरड झाली तेव्हा फाशीची जन्मठेप झाली. एकाच गावच्या तुरुंगात असून कैक वर्षे नवराबायकोची गाठभेट नव्हती.

अशा देशात ८ मार्च १९९२ च्या रविवारी काय झाले, ते नीट लक्षात घ्या. देशातल्या कॅथलिक बिशपांनी मिळून एक पत्र लिहिले होते. गुपचूप त्याच्या सुमारे सोळा हजार प्रती छापल्या, आणि त्या रविवारी देशभरच्या देवळांत ते एकाच वेळी वाचून दाखवले. पत्रात आरडाओरडा नव्हता. श्रीमंत आणि गरीब यांच्यातले अंतर वाढते आहे, शाळांत मुले मावत नाहीत, दवाखान्यांत ओळखीवाचून काम होत नाही, आणि मनातले बोलायची चोरी झाली आहे, एवढेच. हे सगळ्यांना ठाऊक होते. पण ठाऊक असलेली गोष्ट तीस वर्षांत मोठ्याने कुणी उच्चारली नव्हती. दोन दिवसांत बिशपांना पोलिसांनी चौकशीला बसवले. पत्र राजद्रोही ठरले. पत्रावर सही करणाऱ्या एका आयरिश धर्मगुरूला देशाबाहेर घालवले. विद्यार्थी रस्त्यावर आले. एप्रिलच्या ६ तारखेला चाकुफ्वा चिहाना हे कामगार पुढारी परदेशातून उघडपणे परतले, आणि विमानतळावर निवेदन वाचत असतानाच पकडले गेले. मे महिन्याच्या आरंभी ब्लँटायर शहरातल्या कापडगिरणीतला संप दंगलीवर गेला. पोलिसांच्या गोळीबारात निदान ३८ माणसे मेली.

आणि त्यानंतर, लक्षात घ्या, त्यानंतर मदत देणाऱ्या देशांची पॅरिसमध्ये बैठक भरली. ११ ते १३ मे. अध्यक्षस्थानी जागतिक बँक. त्यांनी ठरवले की मानवी हक्कांच्या बाबतीत सुधारणा दिसेपर्यंत नवी मदत सहा महिने स्थगित. यातून दोन गोष्टी वगळल्या: दुष्काळ आणि निर्वासित. त्या वर्षी दक्षिण आफ्रिका खंडात भयंकर अवर्षण होते, आणि मोझांबिकमधल्या यादवीमुळे मलावीत दहा लाखांच्या आसपास निर्वासित आसऱ्याला होते. म्हणजे भाकरीला हात लावला नाही. हात लावला तो सरकारच्या तिजोरीला.

बांडांनी काही महिने काढले, काही राजबंदी सोडले, पण परदेशी चलनाची तंगी वाढत गेली. १८ ऑक्टोबरला त्यांनी आकाशवाणीवरून जाहीर केले की, एकच पक्ष हवा की अनेक, याचा कौल लोकांना विचारू. त्यानंतर दोनच दिवसांनी ओर्टन चिर्वा तुरुंगात वारले. व्हेरा जानेवारीत सुटल्या.

कौल झाला १४ जून १९९३ ला. पुष्कळ लोक निरक्षर, म्हणून चिन्हे ठेवली. एकपक्षाला काळा कोंबडा, अनेक पक्षांना कंदील. सरकारचा बेत दोन निरनिराळ्या पेट्या ठेवण्याचा होता, म्हणजे कोण कुठल्या पेटीकडे वळला ते पाहणाऱ्याला दिसावे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या माणसांनी आग्रह धरून एकच पेटी ठेवायला लावली. शिक्षक बंधुभगिनींनो, नागरिकशास्त्राच्या तासाला गुप्त मतदान शिकवताना ही पेटी जरूर सांगा. साठ टक्क्यांहून अधिक मते कंदिलाला पडली. मे १९९४ च्या निवडणुकीत बांडा हरले, आणि त्यांनी हार मानली.

आता दुसरा देश. त्याच १९९२ सालची गोष्ट, मलावीच्या पत्रानंतर जेमतेम अडीच आठवड्यांची.

इंडोनेशियात सेनापती सुहार्तो १९६५-६६ सालच्या उलथापालथीतून वर आले. त्या कत्तलींत लाखो माणसे मारली गेली. १९६७ साली मदत देणाऱ्या देशांचे मंडळ स्थापन झाले आणि त्याचे अध्यक्षपद हॉलंडकडे आले. हॉलंड, म्हणजे ज्याने त्या बेटांवर शतकानुशतके राज्य केले तो देश. १९७५ च्या डिसेंबरात इंडोनेशियाने शेजारच्या पूर्व तिमोरमध्ये फौजा घातल्या. तिमोर ही पोर्तुगीजांची वसाहत. आपल्या गोव्याशी तिचा जुना संबंध आहे: १८४४ पर्यंत तिचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरच्या हाताखाली चालत असे.

१२ नोव्हेंबर १९९१ रोजी तिमोरची राजधानी दिली इथे मारल्या गेलेल्या एका तरुणाच्या स्मरणार्थ लोक मोतायल चर्चमधून निघून सांताक्रूझ स्मशानापर्यंत गेले. तिथे सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. सरकारने आधी १९ मेल्याचे सांगितले, मग पन्नासच्या आसपास. तिमोरच्या बाजूने झालेल्या मोजणीत २७१ नावे आली. एका इंग्रज चित्रणकाराने ते दृश्य टिपून फीत स्मशानात पुरून ठेवली आणि नंतर बाहेर काढली, म्हणून जगाला दिसले. हॉलंडने नवी मदत थांबवली. डेन्मार्क आणि कॅनडा यांनीही तसेच केले. हॉलंडचे मदतखात्याचे मंत्री प्रोंक यांनी जाहीरपणे कानउघाडणी केली.

२५ मार्च १९९२ रोजी सुहार्तो सरकारने उत्तर दिले. आम्हाला हॉलंडची मदतच नको, आणि हॉलंड ज्याचा अध्यक्ष आहे ते मंडळही नको. मंडळ मोडले. जागतिक बँकेच्या अध्यक्षतेखाली नवे मंडळ निघाले, त्यात हॉलंडला जागा नाही. जुलैत पॅरिसला त्याची बैठक झाली. आदल्या वर्षी सर्वांनी मिळून सुमारे ४७५ कोटी डॉलर कबूल केले होते. या वर्षी ४९० कोटींच्या वर गेले. हॉलंडचा वाटा मुळात शंभरात दोनच्या आसपास होता. जपानसारखे मोठे देणेकरी जागचे हलले नव्हते. एवढेच नव्हे, गरिबांना कायद्याची मदत करणाऱ्या ज्या इंडोनेशियन संस्था हॉलंडच्या पैशावर चालत, त्यांनाही तो पैसा घ्यायला सरकारने मनाई केली. म्हणजे सुहार्तोंना शिक्षा करायला उगारलेली काठी बसली ती सुहार्तोंच्या टीकाकारांच्या पाठीवर.

असे का झाले? थैलीच्या लहानमोठेपणाचा हिशेब तर उघड आहे. मलावीला दुसरे दार नव्हते आणि सगळे देणारे एकत्र होते. इंडोनेशियाजवळ तेल होते, बाजारपेठ होती, आणि एक देणारा रुसला तर दहा उभे होते. पण मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. हॉलंडच्या तोंडून मानवी हक्क ऐकताना इंडोनेशियाच्या सामान्य माणसाला १९४५ ते १९४९ मधली डचांची लढाई आठवली. सुहार्तोंना राष्ट्राभिमानाची शाल पांघरून उभे राहता आले. बांडांना ती शाल मिळाली नाही. त्यांनी खटपट केली, आयरिश धर्मगुरूला घालवले ते त्यासाठीच. पण पत्र वाचणारे आणि ऐकणारे, संप करणारे आणि मरणारे सगळे मलावीचेच होते. पॅरिसचा निर्णय त्यांच्या मागून आला. तो आधी आला असता तर बांडांनीही हेच म्हटले असते की, गोरे साहेब पुन्हा हुकूम सोडायला आले.

मलावीत पुढे सारे गोडच झाले असे मात्र समजू नका. २०११ साली अध्यक्ष मुथारिका यांच्या कारभारावर नाराज होऊन ब्रिटनने त्यांच्या अंदाजपत्रकाला दिली जाणारी मदत थांबवली. जुलैत निदर्शकांवर गोळीबार होऊन वीसच्या आसपास माणसे मेली. परदेशी चलन आटले, पेट्रोलसाठी दिवस दिवस रांगा लागल्या. त्या रांगांत मंत्री उभे नव्हते. अट घालणाऱ्यांनी दर वेळी १९९२ सारखी भाकरी आणि तिजोरी यांत रेघ ओढली असती तर बरे, पण ती रेघ ओढणे तिजोरी रिकामी झाल्यावर फार कठीण होते.

इंडोनेशियाच्या गोष्टीचा शेवट राहिला. १९९७ साली आशियातल्या आर्थिक संकटात तिथल्या रुपियाची किंमत कोसळली, नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला, आणि मे १९९८ मध्ये विद्यार्थ्यांच्या उठावापुढे सुहार्तो पायउतार झाले. ३० ऑगस्ट १९९९ रोजी तिमोरच्या लोकांचा कौल घेतला. ७८ टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्य मागितले. लगेच सैन्याच्या पाठबळावरच्या टोळ्यांनी गावे जाळायला सुरुवात केली. त्या सालच्या हिंसेत हजाराहून अधिक माणसे मेली. आता मात्र इंडोनेशिया कर्जावर श्वास घेत होता आणि देणारे एकत्र होते. नाणेनिधीने पुढचा हप्ता लांबवला. 'राजकारणात पडायचे नाही' म्हणणाऱ्या जागतिक बँकेच्या अध्यक्षांनीही इंडोनेशियाच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. अमेरिकेने लष्करी संबंध तोडले. १२ सप्टेंबरला इंडोनेशियाने आंतरराष्ट्रीय फौजेला येऊ द्यायचे कबूल केले, आणि २० तारखेला ती दिलीत उतरली.

२० मे २००२ रोजी तिमोर स्वतंत्र देश झाला. १२ नोव्हेंबर हा तिथे आता सुट्टीचा दिवस आहे. त्या दिवशी लोक मोतायल चर्चपासून सांताक्रूझ स्मशानापर्यंत, १९९१ साली गेले होते त्याच रस्त्याने चालत जातात.